तुम्ही विचारलंत म्हणून: ‘चाळिशी आली, अजून लहानपणीचं काय धरून बसायचं?’

हा प्रश्न समुपदेशनाला येणारी माणसं स्वतः क्वचितच विचारतात. विचारतात ती त्यांच्यासोबत आलेली: नवरा, बायको, धाकटी बहीण, कधी तर ज्यांच्या हातचा मार खाल्ला ते वडीलच. प्रश्नाला एक शेपूटही असतं, ‘आमच्या वेळी सगळेच मार खायचे, आम्ही नाही का सरळ झालो?’ दर वेळी दारात उभ्या उभ्या अर्धं उत्तर द्यावं लागतं. आज बसून देते.

सगळेच खायचे, हे अगदी खरं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांत केलेला अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. दर तीन मुलांतल्या दोघांनी मार खाल्लेला निघाला, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना मारणारे आईवडीलच होते. पण अख्ख्या गावाला हिवताप आला म्हणून तो ताप नव्हता असं कुणी म्हणत नाही. आणि ‘सरळ झालो’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण खरोखर ठीक असतात, हेही मान्य. मग एकाच घरातल्या दोन भावांत एक निवांत आणि दुसरा स्कूटरचा आवाज आला की ताठ, असं का? किती मार बसला याची मोजदाद इथे फारशी उपयोगी पडत नाही. आम्ही समुपदेशक दोन गोष्टी विचारतो. मार कधी बसेल याचा अंदाज यायचा का? आणि बसल्यावर जवळ घेणारं कुणी होतं का? आजी होती, शेजारच्या काकू होत्या, एखाद्या बाई होत्या, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. याउलट वडील आज पिऊन येणार की पेढे घेऊन, हे जिन्यातल्या पावलांवरून ओळखायला लागलेलं मूल पुढे आयुष्यभर पावलंच ऐकत राहतं.

आता ‘धरून बसणं’. बहुतेकांना त्या क्षणी काहीही आठवत नसतं. आठवण येते, वाईट वाटतं, मग राग येतो, असा क्रम बाहेरच्यांना दिसतो. प्रत्यक्षात आधी शरीर उठतं. मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग ओळखीची धोक्याची खूण टिपतो आणि विचार करणारा भाग ‘अरे, हा तर कुकरचं झाकण पडल्याचा आवाज’ असं म्हणेपर्यंत हृदयाचे ठोके वाढलेले असतात, तळवे गार पडलेले असतात. त्यानंतर माणूस चारांपैकी काहीतरी करतो: भांडतो, निघून जातो, सुन्न होतो, किंवा ‘हो हो, माझंच चुकलं’ म्हणत पडतं घेतो. यातला चौथा प्रकार आपल्याकडे समंजसपणा म्हणून गौरवला जातो, त्यामुळे सगळ्यात उशिरा ओळखू येतो.

महाराष्ट्रात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत पुस्तकांतून आणि कार्यशाळांतून घरोघरी पोचली आहे. ‘घटनेने त्रास होत नाही, घटनेबद्दलच्या विचाराने होतो’ हे वाक्य लोक आम्हालाच ऐकवतात. माझ्यातही त्या शिकवणीत वाढलेली एक समुपदेशक आहे. ती अजून म्हणते, विचार तपासल्याशिवाय माणूस कायमचा मोकळा होत नाही. तिचं म्हणणं मी खोडून काढलेलं नाही. माझा वाद वेळेपुरता आहे. ठोके शंभराच्या वर असताना विचार तपासायला लागणारी यंत्रणाच जाग्यावर नसते. आधी शरीर खाली आणायचं, विचाराचा हिशोब संध्याकाळी.

एक प्रसंग सावकाश बघू. तो कुणा एकाचा नाही, पण इतक्या घरांतून इतक्या सारखेपणाने ऐकू येतो की कुणाचाही असू शकेल.

सकाळची आठ-सव्वाआठची वेळ. शाळेची व्हॅन खाली येऊन हॉर्न देते आहे. पाच वर्षांचं पोर टेबलावर दुधाचा ग्लास उपडा करतं. दूध पसरतं, गणवेशावर जातं, खाली टपटपतं. बाप रात्री साडेपाच तास झोपलेला, सकाळपासून नुसत्या चहावर. ग्लास पडल्याचा आवाज आणि पोराचं दचकून वर बघणं, या दोन गोष्टींच्या मध्ये त्याच्या जबड्यात आणि खांद्यात ताण भरतो. तो ओरडतो. आवाज स्वतःच्याच कानाला ओळखीचा वाटतो, कारण तो त्याच्या वडिलांचा असतो. शब्दही तेच, ‘डोळे फुटले का?’ हात वर गेलेला असतो. आणि पोर रडत नाही. ते गप्प होतं, मान खांद्यात ओढून घेतं, एका बाजूला वळतं. ती पोज त्याला आरशातून माहीत असल्यासारखी माहीत असते. इथे काही जणांचा हात खाली येतो, काहींचा पोराच्या गालावर पडतो. ‘तुम्ही अजून लहानपणीचं काय धरून बसता’ या प्रश्नाचं एवढं स्पष्ट उत्तर मला दुसरं सापडलेलं नाही. तो काही धरून बसलेला नव्हता, तो डबा भरत होता.

आता हा प्रसंग मागून पुढे उलगडायचा. हात वर जाण्याआधी खूण कुठे होती? बहुतेकांची एक ठरलेली जागा असते: जबडा, खांदे, पोटात खड्डा, कानशिलं तापणं. ती हाताच्या तीन-चार सेकंद आधी येते, आणि काम करायला जागा तेवढीच असते. तिथे करायचं ते एकच, दोन्ही हातांना काम द्यायचं. ओट्याची कड घट्ट धरा, किंवा हात पाठीमागे घेऊन एकमेकांत अडकवा, आणि एक पाऊल मागे जा. तोंडाने एकच वाक्य, आधी पाठ केलेलं: ‘थांब, मी आलोच.’ त्या क्षणी नवीन वाक्य सुचत नाही, म्हणून पाठांतर. पोर एकटं असेल तर खोली सोडून जायचं नाही, पाठ फिरवायची, बेसिनपाशी उभं राहायचं.

मग श्वास. इथे सगळ्यांचं चुकतं, कारण ‘दीर्घ श्वास घ्या’ हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. घाबरलेला माणूस मोठमोठे श्वास भराभर घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि त्याला वाटतं की आता हार्ट अटॅकच. सोडण्यावर भर द्यायचा: चार आकडे घेणं, सहा आकडे सोडणं, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास, दोन ते तीन मिनिटं. डोळे उघडे ठेवायचे. मिटल्यावर ज्यांना जुनं दिसू लागतं त्यांच्यासाठी ध्यानाला बसवण्याचा आग्रह हा अत्याचारच आहे, कितीही चांगल्या हेतूने केलेला असो.

त्याने भागलं नाही तर गार पाणी. श्वास रोखून चेहरा कानशिलांपर्यंत पाण्यात, 15 ते 30 सेकंद. डोळ्यांभोवती आणि गालांवर गारवा लागला की ठोके मंदावतात. विदर्भात मे महिन्यात नळाचं पाणीच चहा करण्यासारखं येतं, तिथे फ्रिजमधली बाटली ओतून भिजवलेला नॅपकिन. बर्फ थेट कातडीवर लावायचा नाही. हृदयविकार असेल, ठोके कमी ठेवणारी औषधं चालू असतील किंवा खाण्याचा विकार असेल तर हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पाच वस्तू बघा, चार गोष्टींना हात लावा, तीन आवाज ऐका, हा उपाय आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तो फसतो तेव्हा पाढ्यासारखा म्हटल्यामुळे फसतो. सुन्न झालेल्या माणसाला त्यापेक्षा साधे प्रश्न बरे पडतात, मोठ्याने, उत्तरासकट. भिंतीवरच्या कालनिर्णयावर आज तारीख काय? साल कोणतं? माझं वय किती? या घराची किल्ली कुणाकडे आहे? शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त काम करतो, कारण लहानपणी त्याचं उत्तर दुसरं होतं.

नंतरची वीस मिनिटं महत्त्वाची. जोडप्यांच्या भांडणांवर वर्षानुवर्षं काम केलेले जॉन गॉटमन निदान वीस मिनिटांची सुट्टी सांगतात, कारण शरीर त्याआधी खाली येत नाही. त्या वेळात फोन नाही, मेसेज नाही, ‘आज सोक्षमोक्षच लावतो’ नाही. आणि मनातल्या मनात भांडण चालू ठेवलं तर वीसची चाळीस होतात, हे लोक विसरतात. भांडी घासा, कपडे घडी करा, दोन जिने उतरून चढा. जवळच्या माणसांसाठी एक सूचना: ‘शांत हो’ म्हणू नका, आणि मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका. समोर, थोडं अंतर ठेवून, ‘मी इथे आहे, पाणी देऊ?’ एवढं पुरतं.

पोराचं काय? त्याच दिवशी, शाळेतून आल्यावर, त्याच्या उंचीला बसून तीन वाक्यं. ‘सकाळी मी फार जोरात ओरडलो. दूध सांडलं, ते कुणाकडूनही सांडतं. ओरडणं ही माझी चूक होती.’ चौथं वाक्य ‘पण’ने सुरू होणार असेल तर ते बोलायचं नाही. कॅडबरी आणायची नाही. तिने पोर गप्प होतं आणि हिशोब तसाच राहतो. स्वतः रडायला लागून ‘बाबा वाईट आहे ना रे?’ असंही नाही, कारण मग पाच वर्षांच्या पोराला बापाची समजूत काढावी लागते, आणि हेच काम तर हा बाप लहानपणी आपल्या आईसाठी करत होता.

रात्री वहीत तीन ओळी: काय झालं, शरीरात कुठे जाणवलं आणि दहापैकी किती, खाली यायला किती वेळ लागला. तीनच. पानंच्या पानं लिहिणारे लिहितालिहिता पुन्हा पेटतात. महिन्याभराने वहीत वेगळंच दिसतं. दूध हे कारण क्वचितच एकटं असतं. कमी झोप, रिकामं पोट, पाळीच्या आधीचे दिवस, आदल्या रात्रीची दारू, यांपैकी दोन जुळले की तेच दूध आठ गुणांचं होतं, एरवी तीनचं. म्हणून सकाळी आधी पोळीचा एक घास पोटात, मग डबा. ऐकायला हास्यास्पद वाटतं, मला माहीत आहे.

कमी होतं का? होतं. पण काय कमी होतं ते नीट ऐका. शरीराचं असं उठणं बहुधा राहतं. उठल्यावर खाली यायला लागणारा वेळ दोन दिवसांवरून दोन तासांवर, मग अर्ध्या तासावर येतो. ‘पूर्ण बरा कधी होईल?’ असं विचारलंत तर मी तारीख देत नाही, आणि देणाऱ्यांपासून लांब राहा असं सांगते.

हल्ली काही जण मोबाइलवर बालपणातल्या आघातांची ‘एसीई’ प्रश्नावली भरून ‘माझा स्कोअर सहा आला’ असं कळवतात. ती प्रश्नावली ज्या अभ्यासातून आली तो सॅन दिएगोमध्ये 1995 ते 1997 या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांवर झाला. बालपणातले आघात जितके जास्त, तितकं पुढे आजारांचं प्रमाण जास्त, हे त्यातून दिसलं. पण ते गटाबद्दल होतं. एका माणसाचं भविष्य त्या आकड्यात नसतं, आणि जवळ घेणाऱ्या आजीचे गुण त्यात वजा होत नाहीत.

स्वतःच्या बळावर निभत नसेल, स्वप्नं पडत असतील, जीव द्यावासा वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आघातावरच्या उपचारात जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली दोन पद्धती सुचवल्या: आघाताशी जोडलेले विचार आणि वागणं यांवर काम करणारा आघातकेंद्री वर्तनबोध उपचार (सीबीटी) आणि डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी ईएमडीआर. उपचारक निवडताना यांपैकी कशाचं प्रशिक्षण आहे हे सरळ विचारा, त्यात उद्धटपणा नाही. पहिल्याच भेटीत ‘सगळं पहिल्यापासून सांगा’ म्हणून खणायला लागणारा उपचारक मला तरी घाईचा वाटतो. आधी वरचं सगळं, श्वास, पाणी, वही, हातात यायला हवं, खणणं नंतर. कुणाकुणाला ते कधीच लागत नाही.

राहता राहिला तुमचा लाडका मुद्दा: माफ करून टाका, आईवडील आहेत शेवटी. माफी उपचाराची अट नाही. कुणाला ती येते, कुणाला येत नाही, आणि न येणाऱ्यांचे ठोकेही खाली येतात. इंग्रजी पुस्तकांतला दुसरा टोकाचा सल्ला, संबंधच तोडा, हाही आमच्या बऱ्याच लोकांना निरुपयोगी असतो. एका बेडरूमच्या घरात, त्याच वडिलांच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये, कुठले संबंध तोडणार? तिथे बारीक गोष्टी ठरवाव्या लागतात. गणपतीला गावी गेलं तर मुक्काम किती रात्रींचा, हे निघण्याआधी. जेवताना ताटं समोरासमोर नकोत. ‘तुला एवढंही जमत नाही’ हे वाक्य आलं की उत्तर न देता पाणी आणायला उठायचं, आणि बायकोला ती खूण ठाऊक हवी.

सगळ्यात अवघड मात्र पुढे येतं. ज्या हाताने मारलं तो हात आता लुळा पडलेला असतो आणि अंघोळ घालायची वेळ मुलावर येते. तो वडिलांच्या मनगटाला हात लावतो आणि त्याचे स्वतःचे तळवे गार पडतात. तिथे मी कामं वाटून घ्या म्हणते: औषधं, डॉक्टर, पैसे, रात्रीचा फोन मुलाकडे, अंघोळ आणि कपडे बदलणं मदतनिसाकडे, परवडत असेल तर रोज, नाहीतर दिवसाआड, मधल्या दिवशी ओल्या पंचाने पुसून घेणं भावाकडे. ‘पोटचा मुलगा असून बापाला हात लावत नाही’ असं नातेवाईक म्हणतात. मुलगा त्यांना काही सांगत नाही. सांगावं का, यावर माझं मत दर दोन वर्षांनी बदलतं. सध्या मी म्हणते, बहिणीला तेवढं सांगा, बाकीच्यांना मदतनिसाचा पगार सांगा.