फॉरट्रान ७७ कंपायलर: रिकाम्या जागांचा हिशेब

फॉरट्रान ७७ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी मी कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्रॅम) लिहितो आहे. मागच्या नोंदीत त्याचा लेक्सर, म्हणजे ओळीतले शब्द, आकडे आणि चिन्हं वेगळी करणारा भाग, पूर्ण झाल्याचं लिहिलं होतं, ते मागे घेतो. गेले तीन आठवडे पुन्हा लेक्सरमध्येच गेले. कारण ठरला एका निवृत्त सरांनी दिलेला जुना छापील प्रोग्रॅम: उष्णतावहनाचं गणित, चारशेच्या आसपास ओळी. हाताने टाइप करून जीफॉरट्रान या आजच्या फॉरट्रान कंपायलरला दिला, चालला. माझा कंपायलर तिसऱ्याच ओळीवर अडला.

ओळ साधी होती: रिअल*८ एच, एचटी, टेम्प. तीन व्हेरिएबल जाहीर केलीत, बस. पण फिक्स्ड फॉर्ममध्ये, म्हणजे पंचकार्डाच्या स्तंभांना बांधलेल्या जुन्या मांडणीत, मजकुराबाहेर रिकाम्या जागेला अर्थच नसतो, म्हणून मी आधी सगळ्या जागा काढून टाकतो. मग आठच्या आकड्याला एच चिकटतो, आणि आकडा अधिक एच म्हणजे हॉलेरिथ: पुढची तेवढी अक्षरं जशीच्या तशी मजकूर म्हणून घ्यायची. रोमन लिपीत मोजून पाहा. स्वल्पविराम, एचटी, स्वल्पविराम, टेम्प मिळून बरोबर आठ अक्षरं भरतात. ती सगळी मजकुरात गेली आणि व्हेरिएबल एकही उरलं नाही.

उत्तर एफटूसीच्या कोडमध्ये सापडलं. बेल लॅब्जचा हा फॉरट्रानमधून सी करणारा कंपायलर अजूनही वाचण्यासारखा आहे. नियम असा: हॉलेरिथच्या आकड्याआधी कंस, स्वल्पविराम, तिरकी रेघ असं काही चिन्ह हवंच, आणि गुणाकाराची चांदणी चालते ती फक्त डेटा विधानात (व्हेरिएबलना सुरुवातीच्या किमती देणाऱ्या), कारण तिथे ती 'इतक्या वेळा' असं सांगते. रिअल*८ मधली चांदणी त्यात बसत नाही. एवढ्या एका अटीने माझ्या अकरा चाचण्या सुटल्या.

यातून क्रमाचा प्रश्न मात्र उभा राहिला. फॉरट्रानमध्ये राखीव शब्द नाहीत, म्हणून विधान कोणतं हे पहिल्या शब्दावरून ठरवता येत नाही. 'डू १० आय = १,५' हे लूप आहे; स्वल्पविरामाच्या जागी टिंब आलं की तेच 'डू१०आय' नावाच्या व्हेरिएबलला दीड ही किंमत देणं होतं. म्हणून कंसाबाहेर बरोबरचं चिन्ह आहे का आणि कंसाबाहेर स्वल्पविराम आहे का, हे आधी पाहायचं. पण तो स्वल्पविराम हॉलेरिथच्या पोटातला असला तर? म्हणजे हॉलेरिथ आधी झाकायला हवा, आणि तो ओळखायला विधान डेटा आहे की नाही हे माहीत हवं. शेवटी ओळ डेटा या चार रोमन अक्षरांनी सुरू होते का एवढंच आधी पाहतो, मग हॉलेरिथ झाकतो, मग विधानाचा प्रकार ठरवतो. आता हा भाग मला मनापासून आवडायला लागला आहे.

त्यानंतर प्रोग्रॅम कंपाइल झाला, चालला, आणि तक्त्याचं शीर्षक वेडंवाकडं आलं. शीर्षकाचा हॉलेरिथ एका ओळीवरून पुढच्या ओळीवर जात होता. पंचकार्डावर विधानाची जागा सातव्यापासून बहात्तराव्या स्तंभापर्यंत. (बहात्तर का, तर आयबीएम ७०४ चा कार्डवाचक कार्डाच्या प्रत्येक आडव्या रांगेतून ३६ बिटांचे दोन शब्द, म्हणजे यंत्र एकदम हाताळतं असे दोन बिटगट, घ्यायचा.) कार्डावर ओळ छोटी असली तरी उरलेले स्तंभ रिकामे असतातच, आणि हॉलेरिथच्या मोजणीत ते धरले जातात. माझ्या एडिटरने ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा सेव्ह करताना छाटल्या होत्या. जीफॉरट्रान अशा ओळी स्वतःच भरून घेतो, म्हणून तिथे काही बिघडलं नव्हतं. आता मीही प्रत्येक ओळ आधी बहात्तर स्तंभांपर्यंत भरतो. जागा काढायच्या त्या त्यानंतर.

बाकीची कामं पटापट झाली. फॉरट्रान ७७ प्रमाणे लूप शून्य वेळाही चालू शकतं. पण आधीच्या फॉरट्रान ६६ च्या काळातल्या बऱ्याच कंपायलरांवर ते एकदा तरी चालायचंच, आणि सरांचा प्रोग्रॅम त्यावर विसंबून आहे. त्यासाठी एफटूसीसारखा वेगळा पर्याय ठेवला. स्थानिक व्हेरिएबल सगळी स्टॅटिक केली, म्हणजे कॉल संपला तरी त्यांची किंमत टिकते. ७७ मध्ये रिकर्शनला (सबरूटीनने स्वतःलाच कॉल करणं) परवानगी नाही आणि जुन्या कोडला मागच्या कॉलमधली किंमत टिकलेली हवी असते, त्यामुळे स्टॅटिकच योग्य वाटतं.

लिनपॅक या रेषीय समीकरणं सोडवणाऱ्या जुन्या लायब्ररीतली डीजीईएफए आणि डीजीईएसएल ही दोन्ही सबरूटीन आता चालतात. उत्तरं जीफॉरट्रानशी शेवटच्या अंकात जुळत नव्हती, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. माझा कंपायलर सी काढतो आणि ते सी मी जीसीसी या सी कंपायलरला स्वतःच्या प्रोसेसरसाठीचे पर्याय लावून देत होतो. त्यामुळे गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत होऊन मधलं राउंडिंग गळत होतं. ते जोडणं बंद केल्यावर शेवटच्या बिटापर्यंत जुळलं.

सरांना शनिवारी छापून नेऊन दाखवलं. त्यांनी आकड्यांच्या आधी शीर्षक पाहिलं, मूळ कागद शेजारी ठेवला आणि बोटाने एकेक स्तंभ ताडून पाहिला. सगळे जागच्या जागी होते.

आता पुढचं काम रिअल व्हेरिएबलमध्ये साठवलेल्या हॉलेरिथचं. इथे यंत्राचा शब्द किती लांबीचा हे महत्त्वाचं ठरतं. आयबीएम ३६० वर एका रिअलमध्ये चार अक्षरं मावतात. सीडीसी ३६०० चा शब्द ४८ बिटांचा, त्यात सहा बिटांची आठ. हे दुसरं यंत्र १९६४ मध्ये मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलं होतं. त्यावर चाललेल्या फॉरट्रानचा छापील कागद किंवा कार्डांचा गठ्ठा कुणाच्या घरी असेल, आणि त्यात ए८ फॉरमॅट (आठ अक्षरं एकदम वाचायची किंवा छापायची खूण) दिसत असेल, तर मला त्याचे फोटो हवे आहेत. टाइप मी करीन, ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागांसकट.