मेरिडेनची बॉनव्हिल घेताना

मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहतो. ट्रायम्फ मोटरसायकलींचा मेरिडेनचा कारखाना इथून जवळच होता. १९८३ साली तो बंद पडला, आता तिथे घरं आहेत आणि एका गल्लीचं नाव बॉनव्हिल क्लोज आहे. जुनी ब्रिटिश ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची मोटरसायकल, घ्यायची तर ट्रायम्फची बॉनव्हिलच, आणि तीही १९७० ची ६५० सीसी, हे माझं पक्कं होतं. १९७१ पासून ऑइल फ्रेममध्येच (गाडीच्या सांगाड्यातच) भरायला लागले आणि सीट फार उंच झाली.

विकणाऱ्या गृहस्थांना आधीच फोनवर सांगितलं, मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गरम इंजिन कसंही चालू होतं. गेल्या गेल्या सिलिंडरला हात लावून पाहिला, गार होता. मग नंबर. इंजिनचा नंबर डावीकडे सिलिंडरच्या खाली असतो, तो फ्रेमच्या नंबराशी जुळलाच पाहिजे. या काळातल्या गाड्यांवर नंबराच्या पट्टीवर ट्रायम्फचं नाव बारीक अक्षरांत उठवलेलं असतं. कुणी नंबर घासून नवा मारला असेल तर ते पुसलं जातं. मी भिंग घेऊनच गेलो होतो. अक्षरं शाबूत होती आणि नंबराच्या सुरुवातीला महिना आणि वर्षाची खूण ‘ईडी’, म्हणजे मे १९७०.

क्लच दाबून किक मारून चिकटलेल्या प्लेटा सोडवल्या, टिकलर (कार्बोरेटरमध्ये जास्तीचं पेट्रोल सोडणारं बटण) दाबून कार्बोरेटर ओले केले, गाडी चालू झाली. ऑइलच्या टाकीचं झाकण काढून टॉर्च मारला. परतीच्या नळीतून ऑइल थांबून थांबून उडत होतं, म्हणजे पंप ठीक. व्यवहार झाला. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स नाही आणि एमओटीची (गाडीच्या वार्षिक तपासणीची) सक्तीही नाही. मी एमओटी तरीही करून घेतली. ब्रेक आणि चाकं त्रयस्थ माणसाने बघितलेली बरी.

पण खरं काम पुढेच होतं. या इंजिनात ऑइल गाळायला फक्त जाळ्या असतात. बारीक कण क्रँकशाफ्टच्या पोटातल्या एका नळीत साचतात. क्रँक फिरताना ते बाहेरच्या बाजूला फेकले जाऊन तिथेच बसतात. नळी तुंबली की बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगला, ऑइल पोचत नाही. ती कधी साफ केल्याची एकही पावती कागदपत्रांत नव्हती, म्हणून लांब न जाता आधी इंजिन उतरवून उघडलं. नळीच्या तोंडचा प्लग पंच मारून पक्का केलेला असतो. ती खूण ड्रिलने काढली, प्लग तापवला, तेव्हा कुठे तो फिरला. फ्लायव्हीलच्या एका बोल्टचं टोक नळीत अडकलेलं असतं, तो आधी काढावाच लागतो. आत काळा गाळ मेणासारखा घट्ट बसला होता, खरवडून काढावा लागला. नशिबाने भोकं अजून मोकळी होती आणि बिग एंडच्या शेल बेअरिंगवर ओरखडा नव्हता.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) गार इंजिनवर सेट केले: इनलेट दोन थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट चार. दोन्ही अमल कार्बोरेटरच्या स्लाइड (थ्रॉटलने वर सरकणाऱ्या झडपा) एकाच वेळी उचलल्या जातात ना, हे बोटं लावून बघितलं. आता ऑइल दर १००० मैलांना बदलतो. पेट्रोल मात्र ई५ च, म्हणजे कमी इथेनॉलचं, भरतो, ई१० मधलं जास्त इथेनॉल जुने रबरी पाइप आणि सील खातं.