पडद्याआडचा अर्धा सेकंद

टेबलावर बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये खेळ चालवणारा गेम मास्टर (जीएम) समोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या पडद्याआड फासा टाकतो आणि आकडा सांगायला अर्धा सेकंद जास्त घेतो. बास, टेबलावरच्या सगळ्यांना कळतं. वीस बाजूंच्या फाशावर शत्रूचा वीस पडला होता, आणि आता तो वीस राहणार नाही. "एकूण... अकरा. वाचलास."

जीएमची शैली म्हटलं की लोकांना त्याने काढलेले आवाज आठवतात. लोहाराचा घोगरा, राणीचा नाकातला. तेही ठीकच. पण खरी शैली कळते ती फासा कुठे पडतो आणि पडल्यावर त्याचं काय केलं जातं यावरून.

त्या विसाचंच घ्या. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची २०१४ची पाचवी आवृत्ती. पहिल्या लेव्हलचा विझार्ड (जादूगार), कॉन्स्टिट्यूशन (अंगातली ताकद-दम) १४, म्हणजे हिट पॉइंट, जीवाचे गुण, ८. समोर तलवारवाला गॉब्लिन, म्हणजे छोटा राक्षस. नॅचरल २०, म्हणजे फाशावरच वीस, आला की क्रिटिकल: डॅमेजचे फासे दुप्पट, दोन डी-सिक्स (सहा बाजूंचे फासे) अधिक २, सरासरी ९. पहिल्याच सेशनला पोरगं मरणार म्हणून जीएमच्या पोटात गोळा येतो आणि तो विसाचे सात करतो (गॉब्लिनचे अधिक ४ धरून एकूण अकरा). अहो, पण हिशेब तरी करा! जागीच मरायला एका फटक्यात १६ लागतात (शून्यावर यायला ८ आणि वर आणखी ८), आणि हा फटका १४च्या वर जाऊच शकत नाही. विझार्ड पडेल, मरणार नाही. मग प्रत्येक पाळीला डेथ सेव्ह, म्हणजे जीव वाचवायचा फासा. १० किंवा वर आलं तर पास. तीन पास झाले की जीव तगला, तीन नापास झाले की संपला. सहसा मध्ये दोन-तीन राउंड तरी मिळतात. क्लेरिक (जखमा भरणारा पुजारी) ६० फुटांच्या आत असेल तर 'हीलिंग वर्ड' हा मंत्र बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीत होतो. नसेल तर कोणीतरी रांगेतून बाहेर पडून धावायचं. सेशनमधली सगळ्यात चांगली दहा मिनिटं हीच असतात, आणि दयाळू जीएम नेमकी तीच खाऊन टाकतो.

खेळाडूंना याचा वास फार लवकर लागतो. मग कोणी पोशनची बाटली उघडत नाही, कोणी पळ काढत नाही, योजना वगैरे तर सोडाच. मरायचंच नाही तर घाई कसली?

दया दाखवायची तर फासा टाकण्याआधी दाखवावी. पाचव्या आवृत्तीत जवळून मारलेल्या वाराने शत्रू शून्यावर आला की त्याला ठार न करता बेशुद्ध पाडायची मुभा मारणाऱ्याला आहे. गॉब्लिनांना खंडणी हवी आहे एवढं आधी ठरवलं की काम झालं. किंवा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्याच १९८१च्या बेसिक संचातला मोराल (धीर) नियम उचला: पहिला गडी पडला की एकदा आणि निम्मे पडले की पुन्हा, दोन डी-सिक्स टाकायचे, आकडा मोरालच्या वर गेला की टोळी पळते. तिथे गॉब्लिनांचं मोराल ७ आहे, म्हणजे पाचातून दोनदा तरी पाठ दाखवतात. हा फासा खुशाल सगळ्यांसमोर टाका.

पडदा मात्र फेकून देऊ नका. भिंतीत चोरदरवाजा शोधताना खेळाडूने स्वतः टाकून ३ आणले आणि तुम्ही "काही दिसत नाही" म्हणालात, तर तो हलायचाच नाही तिथून. असले फासे आडच बरे. किंवा पॅसिव्ह परसेप्शन (मुद्दाम न शोधता लक्षात येण्याचा आकडा), म्हणजे १० अधिक त्याचा मॉडिफायर (पात्राच्या कौशल्याची भर), सगळ्यांचे आकडे एका कार्डावर लिहून ठेवायचे, फासाच नको. आणि पडदा आडवा घ्या. ए-फोर आडवा धरला की उंची २१ सेंटिमीटर, पलीकडची तोंडं दिसतात. उभ्या पडद्यामागे जीएम बँकेच्या खिडकीत बसल्यासारखा दिसतो.

'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या दुसऱ्या रोल-प्लेइंग गेमने (२०१०) सगळी भानगडच काढून टाकली. तिथे खेळ चालवणारा फासा टाकतच नाही. खेळाडू दोन डी-सिक्स टाकतो: १० किंवा वर आलं की सगळं जमलं, ७ ते ९ जमलं पण किंमत मोजून, ६ आणि खाली आलं की चालवणाऱ्याची पाळी. लपवायला काही उरतच नाही. पण दर थोड्या वेळाने ती 'किंमत' जागच्या जागी सुचावी लागते, आणि तिसऱ्या तासाला प्रत्येक किंमत म्हणजे "तुझी दोरी तुटली" होऊन बसते.

हा वाद आपल्या पिढीचा नाहीच. १८२४ साली प्रशियातल्या रायस्विट्झ नावाच्या लेफ्टनंटने लष्करासाठी 'क्रीग्सश्पील' हा युद्धखेळ काढला: नकाशा, फासे, तक्ते आणि निकाल देणारा पंच. १८७६ साली प्रशियाचाच लष्करी अधिकारी व्हेर्दी द्यू व्हेर्नुआने फासे-तक्ते बाजूला ठेवले आणि निकाल पंचाच्या अनुभवावर सोपवला. तेव्हाही एका बाजूचं म्हणणं, तक्ते वेळ खातात. दुसऱ्या बाजूचं, पंच मनमानी करतो. मिशा तेवढ्या मोठ्या होत्या.

आणखी एक. पाच जणांसाठी सहा गॉब्लिन मांडलेत आणि तिघेच येणार असतील, तर सरळ तीन करा. फासा पडायच्या आधीचं सगळं माफ. फक्त "आज जमत नाही रे" हा मेसेज बहुतेक वेळा गॉब्लिन टेबलावर आल्यावरच येतो.