रॉड नव्हे, जोड

डिसेंबरात गंगाखेडजवळच्या आमच्या गावी गेलो की पहाटेची पहिली तक्रार ठरलेली. "दोन तास झाले, पाणी तापंना गेलंय. रॉड म्हातारा झाला बघ." आईचे दोन तास म्हणजे घड्याळाचे पाऊण तास. पण वीस लिटरच्या बादलीला, दीड हजार वॉटच्या रॉडवर, तेही जास्तच. मी शहाणपणा करून नवा रॉड आणला. वेळ तेवढाच लागला.

मग मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या मित्राचा टंग टेस्टर, म्हणजे वायर चिमट्यात धरून करंट मोजायचं यंत्र, मागून आणला. रॉडची वायर चिमट्यात धरली, तर आकडा शून्य! मित्र फोनवर पोट धरून हसला. दोन्ही वायरी एकत्र पकडल्या की येणारा-जाणारा करंट एकमेकाला खोडतो, एकटी वायर धरायची. मेन बंद करून एक्स्टेंशनचं वरचं वेष्टण सोललं, फेजची वायर सुटी केली आणि पुन्हा चालू केलं.

आता ४.९ अँपिअर. सॉकेटवर १७२ व्होल्ट. १७२ भागिले ४.९ म्हणजे रॉडचा रोध, करंटला होणारा अडथळा, ३५.१ ओहम. रॉडवर २३० व्होल्ट, १५०० वॉट छापलेलं; २३० चा वर्ग भागिले १५००, येतात ३५.३. म्हणजे रॉड ठणठणीत, विनाकारण बदनाम झाला. पण १७२ गुणिले ४.९ केलं तर जेमतेम ८४३ वॉट! व्होल्टेज पाऊणपट झालं, पण करंटही त्याच प्रमाणात घटतो, म्हणून वॉट जवळपास निम्मे.

(जोशात मी शंभर वॉटच्या जुन्या बल्बचाही रोध मल्टिमीटरने मोजला. ४० ओहम! हिशेबाने तो तेराशे वॉटचा निघाला. थंड तारेचा रोध पेटलेल्या तारेपेक्षा कितीतरी कमी असतो, हे विसरलो होतो. रॉडमधल्या नायक्रोमच्या तारेला तेवढा फरक पडत नाही.)

"डीपीवरच व्होल्टेज नसतंय," असं गावच्या ट्रान्सफॉर्मरवर ढकलून सगळं गाव गप्प बसतं. मीही बसलो असतो. पण रॉड चालू ठेवून मेन स्विचवर मोजलं, तर २०० व्होल्ट. मग मधले २८ व्होल्ट गेले कुठे? २८ भागिले ४.९, म्हणजे ५.७ ओहम. मेनपासून न्हाणीपर्यंत दीड एमएमची तांब्याची वायर, जाऊन-येऊन चाळीस मीटर; तिचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास हवा. आणि २८ गुणिले ४.९, १३७ वॉट, भिंतीतच कुठेतरी तापत होते.

सापडलं माळवदाखाली. कुणीतरी दोन वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टी वितळून डांबरासारखी झालेली, तांबं काळंठिक्कर, बाजूच्या लाकडाला चॉकलेटी डाग. ते लाकूड बघून मात्र पोटात गोळा आला.

मेन पाडून जळकी टोकं कापली, नवा तुकडा घालून कनेक्टरने पक्का जोड केला. रॉड लावला: १९६ व्होल्ट, ५.६ अँपिअर, अकराशेच्या जवळ वॉट. बादली बत्तीस मिनिटांत तापली.

"बघ," आई म्हणाली, "नवीन रॉड किती भारी हाय."

बादलीत जुनाच होता. नवा पुन्हा खोक्यात गेलाय, दुकानदार परत घेईना.