पांढरे मोजे

झुरळ निदान दिसते तरी. पिसू मात्र आधी चावते, आणि तिला चिमटीत धरायला जावे तोवर पसार झालेली असते. आमच्या घरी तिची खात्री पटायलाच आठवडा गेला. घोट्यांभोवती उठणाऱ्या पुटकुळ्यांचे खापर आम्ही प्रथम डासांवर आणि नंतर नव्या साबणावर फोडले. पुढे मांजराच्या अंथरुणावर काळी भुकटी सापडली आणि ती ओल्या कागदावर टाकताच तांबूस डाग पसरला, तेव्हा ती धूळ नसून पचलेल्या रक्ताने भरलेली पिसवांची विष्ठा आहे, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

तरीही कीटकनाशक फवारणारा माणूस बोलवायला मन धजेना. नळ गळू लागला की आपण प्लंबरला जिन्यातूनच हाक मारतो, पण पिसवांसाठी फोन करताना आवाज आपोआप खाली येतो. म्हणून आधी बाजारातला फवारा आणून दोनदा मारून पाहिला; दोन दिवस शांततेत गेले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा घोटे खाजवणे सुरू झाले.

शेवटी जे गृहस्थ आले, त्यांनी यंत्र दाराबाहेर ठेवले, गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे चढवले आणि काही न बोलता खोल्यांमधून सावकाश फिरले. दिवाणखान्यातून बाहेर येईपर्यंत मोज्यांवर पाच-सहा काळे ठिपके बसले होते. मग त्यांनी मांजर कुठे झोपते, ऊन कुठे खाते, घर मध्यंतरी बंद होते का, असे प्रश्न विचारले. आम्हाला दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण संख्येचा अगदी लहानसा हिस्सा, उरलेली सगळी प्रजा अंडी, अळ्या आणि कोष या रूपांत गालिच्यात आणि फटींत दडलेली असते, असे त्यांनी सांगितले. एक मादी दिवसाला काही डझन अंडी घालू शकते आणि ती गुळगुळीत अंडी मांजर जाईल तिथे गळत राहतात. त्यांतून निघणाऱ्या अळ्या उजेड टाळतात आणि त्याच काळ्या भुकटीवर वाढतात; रक्त पिता पिता लेकरांसाठी शिधा सांडत जाणाऱ्या या संसाराचे मला, राग असूनही, कौतुक वाटले. खरा पेच कोषाचा. त्याच्या चिकट वेष्टणाला धूळ लागून तो दिसेनासा होतो, औषध आत फारसे पोहोचत नाही, आणि आतली पिसू पावलांचा हादरा, अंगाची ऊब किंवा श्वासाची चाहूल लागेपर्यंत कित्येक महिने थांबू शकते. आमचा फवारा कुठे हरला, ते तेव्हा उमगले.

त्यांनी स्वतःपेक्षा आम्हालाच अधिक कामाला लावले, याचा मला थोडा रागही आला. सोफ्याच्या खाचांपर्यंत व्हॅक्युम क्लीनर फिरवून त्यातला कचरा लगेच घराबाहेर टाकायचा, अंथरुणे गरम पाण्यात धुवायची, माशांची टाकी झाकून तिचा हवेचा पंप बंद करायचा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडून मांजरालाही औषध लावून घ्यायचे. कुत्र्याचे औषध मांजराला चुकूनही लावू नका, त्यातले परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते, हे त्यांनी दोनदा बजावले. त्यांची फवारणी तासाभरात आटोपली. मोठ्या पिसवा मारणारे एक औषध आणि अळ्यांना वयात येऊ न देणारे दुसरे, असे ते मिश्रण होते. ते वाळेपर्यंत आम्ही मांजरासह बाहेर.

जाताना ते म्हणाले, “पुढचे दोन आठवडे पिसवा दिसतील, घाबरून फोन करू नका.” रोज व्हॅक्युम फिरवायचा, कारण त्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येऊन औषधावर पडतात, फरशी मात्र पुसायची नाही. ज्यांना घालवायला पैसे मोजले, त्यांनाच उठवून बाहेर काढायचे, हे पचनी पडायला वेळ लागला. नवव्या दिवशी घोट्यावर एक पिसू बसली, तेव्हा फोन हातात घेऊन मी पुन्हा खाली ठेवला.

पंधराव्या दिवशी ते आले, मोजे चढवून तसेच सावकाश फिरले. डाव्या मोज्यावर एक काळा ठिपका होता. आम्ही दोघेही वाकलो. त्यांनी तो नखाने उचलून उजेडात धरला. आमच्याच पायपुसण्याचा धागा निघाला.