ठाणे-वाशी लोकल, वन बीएचके आणि रोजची प्रार्थना

रविवारची उपासना चुकत नाही, प्रभुभोजन चुकत नाही, नाताळात कॅरल पार्टीबरोबर घरोघर फिरणंही चुकत नाही. तरी बुधवारी दुपारी महापेच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला देव आठवतो तो एकदम साहेबाने केबिनमध्ये बोलावलं की! ही तक्रार मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, पुष्कळजण करतात आणि त्यावर हमखास सल्ला मिळतो, "पहाटे लवकर उठा." जोडीला बायबलमधल्या मार्काच्या पुस्तकातला (१:३५) दाखला: येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. सल्ला खोटा नाही. पण ज्या घरात साडेपाचला नळाला पाणी येतं, सहाला डबे भरायचे असतात आणि सातच्या आत स्टेशन गाठायचं असतं, तिथे पहाटेचा सलग तास म्हणजे दोन आठवडे उत्साह आणि पुढे वर्षभर अपराधीपणा. माझं मत असं, की तो तास शोधूच नये. दिवसात जे आधीच ठरलेलं आहे त्या खुंटीला प्रार्थना अडकवावी, आणि ती छोटी ठेवावी. बायबलमधला दानीएल बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) सरकारी चाकरी सांभाळून दिवसातून तीन वेळा खिडकीशी गुडघे टेकत होता (६:१०). त्याची लांबलचक प्रार्थना नवव्या अध्यायात आहे, पण त्याच्या शत्रूंनी हेरल्या त्या या रोजच्या तीन वेळा.

आधी वाचनाचं बघू, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. एक जानेवारीला "वर्षभरात संपूर्ण बायबल" सुरू होतं. बायबलचे अध्याय ११८९, म्हणजे रोज तीन-सव्वातीन. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय जानेवारीत उरकतात, त्यातही निर्गमाच्या शेवटी निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, मापं वाचताना दमछाक होतेच. फेब्रुवारी उजाडला की लेवीय हे पुस्तक: होमार्पण, अन्नार्पण, कुष्ठाची लक्षणं. त्यात कोणाचं तरी लग्न निघतं, चार दिवस गावी जाणं होतं. परत आल्यावर बारा अध्याय थकलेले, आजचे तीन वेगळे. थकबाकी भरायला दोन रात्री जागून बघतात आणि मग पुस्तक बंद होतं ते पुढच्या जानेवारीपर्यंत. दोष लेवीयाचा नाही, हप्त्याचा आहे.

त्यापेक्षा नव्या कराराचा, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागाचा, हिशोब सोपा. त्याचे अध्याय २६०. आठवड्याला पाच दिवस, रोज एक, की ५२ आठवड्यांत बरोबर संपतो. शनिवार-रविवार मोकळे. एखादा दिवस चुकला तर शनिवारी भरायचा, दोनाहून जास्त चुकले तर सोडून द्यायचे आणि आजच्या पानापासून पुढे जायचं. सुटलेले अध्याय पुढच्या फेरीत येतीलच. सुरुवात मार्कापासून करावी: सोळाच अध्याय आहेत, घटना भराभर पुढे सरकतात आणि साधारण तीन आठवड्यांत एक शुभवर्तमान (येशूचं चरित्र) पुरं झाल्याचं बळ मिळतं.

वाचायची पद्धत साधी आहे आणि तिला बारा-पंधरा मिनिटं पुरतात. पहिल्यांदा अध्याय सलग, ओठ हलवून, स्वतःला ऐकू येईल इतपत आवाजात. डोळ्यांनी वाचताना आपण ओळखीच्या ओळींवरून घसरत जातो, तोंडाने वाचताना तसं जमत नाही. मग ज्या वाक्याशी अडखळलो तेवढंच दोन-चार वचनांसकट पुन्हा. तिसऱ्या टप्प्यात त्याच वाक्याची प्रार्थना करायची, आणि शेवटी मिनिटभर काहीच न बोलता बसायचं. वाचन, मनन, प्रार्थना आणि शांत सहवास, हे चार टप्पे गिगो दुसरा नावाच्या मठवासी संन्याशाने बाराव्या शतकात असेच मांडून ठेवले आहेत. मठात त्यांना वेळ होता. आपल्याकडे कुकरच्या शिट्ट्या आहेत, म्हणून शेवटचं मिनिट बहुतेकजण गाळतात. गाळायचंच असेल तर दुसरं वाचन आखडतं घ्या, पण ते मिनिट ठेवा.

इथे आणखी एक गोष्ट बिघडते. "आज माझ्यासाठी काय वचन आहे?" एवढंच शोधत वाचलं, की शास्त्र राशिभविष्यासारखं होऊन बसतं. यिर्मया २९:११ हे व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त फिरणाऱ्या वचनांपैकी एक: तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. त्याच्या आधीचं दहावं वचन मात्र कोणी पाठवत नाही. त्यात परतीला सत्तर वर्षं लागतील असं स्पष्ट लिहिलं आहे. हे वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पत्रातलं, आणि ते पत्र बंदी करून बाबेलात नेलेल्या लोकांना होतं, आणि ५ ते ७ या वचनांत त्यांना सांगितलं होतं, घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. नगर-जालन्याकडून येऊन घणसोली-कोपरखैरण्यात संसार थाटलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाला खरं तर ही तीन वचनं जास्त लागू पडतात. सोसायटीच्या मीटिंगसाठी आणि महापालिकेसाठी आपण शेवटची प्रार्थना कधी केली?

आता जागा. मत्तय ६:६ सांगतं, खोलीत जा, दार लावून घे. वन बीएचकेमध्ये आतल्या खोलीत सासूबाई झोपलेल्या, बाहेर मुलाचा ऑनलाइन क्लास, आणि दार लावता येईल अशी जागा एकच, तिच्यासाठी रांग! म्हणून जागा ठरवताना दार आहे का हे बघू नका, रोज तीच जागा मिळेल का ते बघा. गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांमागचं स्टूल चालेल, जिन्याचा वरचा टप्पा चालेल, पार्किंगमध्ये गाडी सुरू करण्याआधीची पाच मिनिटं चालतील. आठवडाभरात शरीरालाच सवय लागते आणि तिथे बसल्या बसल्या मन गोळा होऊ लागतं. पलंग तेवढा टाळावा; पडून केलेल्या प्रार्थनेला 'आमेन' क्वचितच लागतं. फोन हाताच्या अंतरावर नको. सकाळच्या वाचनाला छापील पुस्तक घ्या, ॲप प्रवासात वापरा. ॲपवरचा अध्याय उघडा असतानाच वरून बँकेचा मेसेज उतरतो आणि मग मार्कापेक्षा शिल्लक रक्कम महत्त्वाची होते.

प्रवासाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात सगळ्यात मोठी खुंटी तीच आहे. ठाण्याहून वाशीची लोकल धरली की साधारण अर्धा तास. वाटेत दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा आणि मग वाशी: स्टेशनांमधले टप्पे आठ. बायबलमधलं ११९ वं स्तोत्र १७६ वचनांचं आहे, पण त्याचे २२ भाग पडतात आणि प्रत्येक भागात वचनं बरोबर आठ. मुळात ते हिब्रूच्या २२ अक्षरांवर बेतलेलं आहे, एका भागातलं प्रत्येक वचन त्याच अक्षराने सुरू होतं. तेव्हा एका टप्प्याला एक वचन. पहिल्या दिवशी पहिलं वचन दिघ्यापर्यंत घोळवायचं आणि पुढचा प्रवास नुसता बसून घालवायचा. दुसऱ्या दिवशी पहिलं आणि दुसरं, ऐरोलीपर्यंत. असं करत आठव्या दिवशी वाशी येते. नववा आणि दहावा दिवस उजळणीचा. पाच दिवसांच्या आठवड्याने एका भागाला दोन आठवडे, म्हणजे ४४ आठवड्यांत बायबलमधला सगळ्यात लांब अध्याय पाठ. पनवेलच्या गाडीत बसलात तर ती तुर्भ्याहून जुईनगरकडे वळते, टप्प्यांचा हिशोब तेवढा बदलून घ्या. गर्दीत हात वर धरलेला असतो, पुस्तक काय फोनही काढता येत नाही. पाठांतराला काहीच काढावं लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

घोडबंदर रोडवाल्यांना स्टेशनं नाहीत, पण सिग्नल आहेत आणि खोळंबा तर आहेच. तिथे एका श्वासाची प्रार्थना चालते: श्वास घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता", सोडताना "मज पाप्यावर दया कर". लूक १८ मधला जकातदार मंदिरात हेच मागत होता आणि यरीहोचा आंधळा रस्त्यावर जवळपास हेच ओरडत होता. दहा-बारा वेळा, घाई न करता. हॉर्न वाजवणाऱ्या मागच्या रिक्षावाल्यालाही त्यात घेता आलं तर उत्तमच. दिवसभर कानात भक्तिगीतं लावून ठेवणं मात्र याची जागा घेऊ शकत नाही. तासाभरात गाणं नुसता आवाज होऊन जातं, शब्द कानात शिरतच नाहीत.

मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या प्रार्थनेची यादी ही आणखी एक अडचणीची जागा. आज पाच नावं, महिन्याभरात चाळीस, आणि मग ती हजेरी होते. वारांनुसार वाटून टाका. सोमवारी घरचे, मंगळवारी ऑफिसातले, बुधवारी मंडळी आणि पाळकसाहेब, गुरुवारी आजारी, शुक्रवारी शहर आणि राज्यकर्ते (१ तीमथ्य २:१-२ मध्ये तशी आज्ञाच आहे), शनिवारी ज्यांच्याशी बोलणं बंद आहे ते. रविवारी कोणीही नाही, फक्त आभार. एका वारी सहाच्या वर नावं नकोत. शनिवारची यादी सगळ्यात जड जाते आणि टाळली जाते. तिच्यात एकच नाव असलं तरी पुरे. आणि ग्रुपवर कोणी प्रार्थनेची विनंती टाकली, तर हात जोडलेली इमोजी पाठवण्याआधी तिथल्या तिथे दोन वाक्यं देवाशी बोला. "करेन" म्हटलेल्या प्रार्थना बऱ्याचदा करायच्याच राहतात.

आपल्या शब्दांतली प्रार्थना की छापील, हा वाद ठाण्यात जुना आहे. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमधली कॅथलिक आजी रोझरीचे (जपमाळेचे) पाच दशक, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, म्हणते, पाव तासाच्या आसपास लागतो. प्रॉटेस्टंट पोरगं म्हणतं, हे नुसतं घोकणं झालं. घोकणं होऊ शकतं, खरं आहे. पण उत्स्फूर्त प्रार्थनाही नीट ऐकून बघा, "प्रभू, आम्ही तुझे आभार मानतो" याच वळणावर दर दोन वाक्यांनी परत येते. थकलेल्या माणसाकडे स्वतःचे शब्द नसतात, तेव्हा दुसऱ्याचे घ्यावेत. स्तोत्रं त्यासाठीच आहेत, दीडशे आहेत, आणि रोज पाच म्हटली तर महिन्यात फेरी होते.

कौटुंबिक प्रार्थनेला आठ मिनिटं खूप झाली. गीताचं एक कडवं, एखादं छोटं स्तोत्र (११७ वं दोनच वचनांचं आहे), प्रत्येक मुलाचं एक वाक्य, मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. मोडतं कशामुळे? वडिलांच्या वीस मिनिटांच्या प्रवचनामुळे. आणि देवाचं नाव घेऊन मुलांना टोमणे मारल्यामुळे: "प्रभू, तू जाणतोस, या मुलाला गणितात किती मार्क पडले." मूल डोळे मिटून ऐकतं आणि पुढच्या वेळी पोट दुखतंय म्हणतं.

रात्री दिवसाची उजळणी. इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात तिच्या पाच पायऱ्या घालून दिल्या: आभार, पाप ओळखण्याची कृपा मागणं, दिवस तास-तासाने आठवणं, क्षमा मागणं, उद्यासाठी निश्चय. सात-आठ मिनिटं. तिसऱ्या पायरीवर नेमकं आठवा. "आज चिडलो" असं मोघम नको. "साडेअकराला फाइल मागायला आलेल्या मुलीशी तुसडेपणाने बोललो" असं. नाहीतर ती नुसती स्वतःची खरडपट्टी होते आणि क्षमेपर्यंत पोचतच नाही. जेवणाआधी खुर्चीवर बसून करावी. ऐरोलीच्या नाइट शिफ्टवाल्यांचा दिवस सकाळी सातला कंपनीच्या बसमध्ये संपतो, त्यांनी ती तिथेच करावी.

उपासाबद्दल एवढंच: मधुमेह किंवा पित्त असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे कोणाला तरी द्या. यशया ५८:७ मध्ये उपासाच्या व्याख्येत भुकेल्याला भाकर देणं आहेच.

एवढं करूनही काही महिने कोरडे जातात. कारण एकच नसतं, म्हणून उपायही एक नाही. कोणाशी भांडण बाकी असेल तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे आधी ते मिटवावं, प्रार्थनेची मिनिटं वाढवून ते मिटत नाही. झोप पाच तासांची असेल तर आधी झोप वाढवावी: एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, दोनदा खायला घातलं आणि मध्ये झोपू दिलं (१ राजे १९). कित्येक आठवडे भूक, झोप, कामातला रस गेलेला असेल तर डॉक्टरकडे जायला हवं. "विश्वास कमी पडतोय" हे त्याचं निदान नव्हे. आणि यातलं काहीच नसेल, तर १३ वं स्तोत्र घ्या. सहाच वचनं, सुरुवातीला "किती वेळ" असा चारदा प्रश्न. त्यानेही भागत नसेल तर ८८ वं, जे शेवटपर्यंत काळोखातच राहतं. असं स्तोत्र शास्त्रात ठेवलेलं आहे, म्हणजे असं बोलायची मुभा आहे.

मोठा खंड पडल्यावर कुठून सुरू करायचं यावरही लोक आठवडा घालवतात. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत. आज तारीख १७ असेल तर सतरावा उघडा, २८ वचनं आहेत, पाच मिनिटांत वाचून होतात. उद्या अठरावा.