पाहुण्याले थंडा काय द्याचा?

२०२५ साली ऐन पोळ्याच्या तोंडावर दोन बातम्या मागंपुढं आल्या. एक म्हणजे अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला, आणि दुसरी म्हणजे आपल्याच सरकारनं १९ ऑगस्टपासून बाहेरून येणाऱ्या कापसावरची ११ टक्के ड्युटी माफ केली. पहिलीनं व्हॉट्सअपवरचे लोक पेटले, दुसरीनं मी पेटलो, कारण आमच्या दारव्ह्याकडं तेव्हा पराटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, नुकती पाती धरत होती आणि तिकडं तयार गाठी जहाजात चढणार होत्या. रात्री जेवताना जाहीर करून टाकलं का आजपासून या घरात अमेरिकेचं खाणंपिणं बंद. बायको भाकर टाकता टाकता म्हणे, "खातो कुठं आपण?"

मलाही तसंच वाटलं होतं. आमच्या गावात ना पिझ्झा ना बर्गर, त्यासाठी यवतमाळ गाठावं लागते. पण दुसऱ्या दिवशी किराणा दुकानासमोर उभं राहून जरा डोळे उघडून पाहिलं तर दारातली कुरकुऱ्यांची माळच पेप्सीवाल्यांची, पोट्टे गटागटा पितात ते लाल स्टिंगही त्यांचंच, आणि कॅडबरी मी इंग्रजांची समजत होतो तर ती २०१० मध्येच अमेरिकेच्या क्राफ्टनं घेतलेली. पार्ले-जी तेवढा आपला निघाला. चला, चहाचं तरी भागलं.

खरा घाव थम्सअपनं केला. आमच्या घरी थम्सअप म्हणजे स्वदेशीच मानत. बाबा सांगायचे का १९७७ साली जनता सरकारनं कोकाकोलाला हाकललं, जॉर्ज फर्नांडिस मंत्री होते, आणि त्याच साली आपलं थम्सअप आलं, कोकपेक्षा झणझणीत. इथपर्यंत सगळं बरोबर आहे. पण १९९३ मध्ये कोक परत आला आणि येतायेताच थम्सअप, लिम्का, माझा सगळंच पार्लेकडून विकत घेऊन बसला, हा पुढचा भाग बाबांनी कधी सांगितलाच नाही, किंवा त्यांना तो सांगावासा वाटला नसेल. म्हणजे तीस-बत्तीस वर्षं आम्ही लग्नाच्या पंगतीत ज्याला आपलं म्हणून ढेकर दिले ते सासरी गेलेलं होतं.

तरी मी तीन महिने पाळलं. एकट्यानं पाळणं सोपं असते हो. तुळशीचं लग्न झालं आणि पुतणीला पाहायला नेरचे पाहुणे आले, आठ जण, भर दुपारी. मी आधीच लिंबाचं शरबत करायला लावलं होतं, घरच्या झाडाचे लिंबू, वरून काळं मीठ, माठातलं पाणी. पोराच्या मामानं ग्लास ओठाला लावला आणि खाली ठेवला. बोलला काहीच नाही. मोठ्या भावानं मला गोठ्याकडं नेलं.

"तुह्याजवळ पैसे नसन तं मले सांगाचं होतं ना बे."

मी म्हटलं दादा, पैशाचं नाही, अमेरिकेचं आहे. तो माझ्याकडं असा पाहे का जसं मला ऊन लागलं.

तिथं मला कळलं का आपण भांडलो अमेरिकेशी आणि अपमान झाला नेरच्या मामाचा. आमच्याकडं ताक, शरबत हे घरचं, म्हणून घरच्यांसाठी. पाहुण्याला द्याचं ते विकतचंच पाहिजे, झाकण त्याच्यासमोर फुटलं पाहिजे, फस्स आवाज आला पाहिजे. तो आवाजच मान असतो. मी सुचवलं का कॅम्पा तरी आणू, ते अंबानीचं असलं तरी इथलं आहे. भाऊ म्हणे, "आण काहीही, पण आण." गाडीवर पाठवलेला पोट्टा दोन लिटरच्या दोन थम्सअप घेऊन आला, कारण दुकानात थंड तेवढंच होतं. मामांनी आग्रह केला, "तुमी बी घ्या ना", आणि मी घेतला. लागला चांगलाच, खोटं कशाला बोलू.

पाहुणे गेल्यावर आई ओसरीवरून म्हणे, "बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी भेटे. तिची भाकर गळ्याखाली उतरे नाही. तवा तुमच्यासारकं कोनी बंद म्हनलं असतं तं काय खाल्लं असतं, माती?" मी गप्प. तिच्यासमोर माझा बहिष्कार म्हणजे भरल्या पोटाचा खेळ, हे मान्य. पण कापसाचा राग काही भरल्या पोटाचा नाही. त्या साली हमीभाव क्विंटलला ८,११० चा आणि खेड्यावर आलेला व्यापारी सात हजारावर अडून बसला.

सोयरीक जमली. त्या दोन बाटल्या बायकोनं धुवून ठेवल्या, एक भाऊ सकाळी नाल्याकडं घेऊन जातो, दुसरीवर मी बारदाना शिवला आणि ती ओली करून रोज वावरात नेतो. उन्हं चढली का वेचणीच्या बाया तासातूनच हाक देतात, "भाऊ, थम्सअप आना इकडं," आणि विहिरीचं पाणी पितात.